ग्रामसभा पाहिल्याची बातमी

छत्रपती संभाजीनगर, ता. ५ : गारखेडा परिसरातील विद्यालयाच्या नववीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्र क्षेत्रभेटीअंतर्गत बुधवारी ग्रामसभेचे कामकाज प्रत्यक्ष पाहिले. सरपंचांनी विद्यार्थ्यांचे स्वागत केले. विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी समर्पक उत्तरे दिली. यावेळी ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. तनुजा औताडे यांनी आभार मानले.

ही बातमी तनुजा औताडेनं मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला लिहिली. सभा बुधवारी होती.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या शाळा असंच करतात. जिल्ह्याच्या पुरवणीचं पान दुपारी चारला लागतं, आणि चारला पान लागायचं तर मजकूर आदल्या दिवशी हातात हवा. फोटो मागून आला तरी चालतो. शाळांच्या बातम्या बघणारा वार्ताहर धम्मपाल हे सात वर्षांपूर्वीच तिला सांगून बसला होता. कार्यक्रम झाल्यावर बातमी लिहायला बसणं म्हणजे अक्षता पडल्यावर मुहूर्त काढायला जाणं, असं तो म्हणायचा. तेव्हापासून तनुजानं वृक्षारोपण खड्डे खणायच्या आधी केलं होतं आणि स्नेहसंमेलन पडदा उघडायच्या आधी उत्साहात पार पाडलं होतं. प्रसिद्धी विभाग असा शाळेत काही नव्हता. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या तनुजाचं अक्षर चांगलं होतं आणि नोकरी कच्ची होती, तेवढंच.

सरपंचांनी विद्यार्थ्यांचे स्वागत केले.

केलं. हे खरं निघालं. पाचोडच्या पुढं सहा किलोमीटरवर गाव. सरपंच ऋतुराज हा मुख्याध्यापक काकडे सरांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून तर क्षेत्रभेटीला हेच गाव निघालं. बस पावणेअकराला पोहोचली तेव्हा तो शाल घेऊन उभाच होता. ग्रामपंचायतीसमोर मंडप घातला होता आणि मंडपात दीडशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांवर माणसं बसली होती अकरा. सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई धरून अकरा.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. ग्रामसेवक कोरं रजिस्टर मांडीवर घेऊन बसून होता. शिपाई दोनदा गावात जाऊन आला. लोक हरभरा काढायला गेले होते, निदान शिपायानं तरी तसं सांगितलं. नववीतली सायली उठून उभी राहिली आणि तिनं मतदान कधी होणार म्हणून विचारलं. ऋतुराज हसला. बाळा, आधी माणसं तर येऊ दे, म्हणाला. मग तोच लोकशाहीवर वीस मिनिटं बोलला. पोहे आले, चहा आला. सव्वाबाराला ग्रामसेवकानं रजिस्टर मिटलं आणि आज काही होत नाही असं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला. ऋतुराजनं मुलांना पुढच्या खुर्च्यांवर दाटीनं बसवलं, अकरा जणांना त्यांच्यामागं उभं केलं आणि मॅडम, घ्या फोटो, म्हणाला.

फोटोत मंडप भरलेला दिसत होता. कुठून काढायचा हे तनुजाला कळत होतं.

तनुजा औताडे यांनी आभार मानले.

मानले असावेत. तिला आठवत नाही. त्या वर्षात तिला बऱ्याच गोष्टी आठवत नव्हत्या आणि आठवत नाहीत याचं काही वाटतही नव्हतं. मागच्या मे महिन्यात तिचे वडील सांडू औताडे गेले. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. शेवटचं पान सातला सुटणार होतं. तिनं तिथंच बाकावर बसून निधनवार्ता लिहिली. वय एकाहत्तर, पश्चात पत्नी आणि एक मुलगी, अंत्यविधी पडेगावच्या स्मशानभूमीत. तारीख लिहिली, वेळेची जागा तेवढी मोकळी सोडली. वडील पावणेसातला गेले. तिनं वेळ भरली आणि पाठवून दिली. सकाळी छापून आलेलं वाचताना तिला वाटलं, बरी लिहिली गेली. त्यानंतर तिला विशेष काही वाटलं नव्हतं. रडू येईल म्हणून आई वाट बघत होती, शेजारच्या केसरबाई वाट बघत होत्या. मग त्यांनीही वाट बघणं सोडून दिलं.

यावेळी ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.

हे वाक्य तिनं वेगळं असं लिहिलंच नव्हतं. प्रत्येक बातमीच्या शेवटी ते असतंच, पत्राखाली आपला असतं तसं. पालक मोठ्या संख्येने, नागरिक मोठ्या संख्येने, महिला मोठ्या संख्येने.

परत येताना बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. अडीचला तिनं धम्मपालला फोटो पाठवला. त्यानं उलट विचारलं, सगळं बरोबर ना, जैसे थे लावून टाकू? तेव्हा तिच्या मनात आलं की सभा झालीच नाही, हे कळवावं. पण मग सगळी बातमी नव्यानं लिहावी लागली असती, आणि सभा न पाहिल्याची बातमी कोण छापतं? बस हलत होती. तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

झालं ते एवढंच.

गुरुवारी बातमी चार रकान्यांत आली. काकडे सरांनी ती कापून फलकावर लावली. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती तिथंच होती, पिवळी पडत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई सांगत आला की कुणी बाई भेटायला आल्यात. व्हरांड्यात साठीची एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद. कागद म्हणजे तीच बातमी, झेरॉक्स केलेली, कोपऱ्यावर कुठल्याशा कचेरीचा शिक्का.

"हे लिवणाऱ्या तनुजा औताडे तुमीच का?"

तनुजा हो म्हणाली.

बाईंचं नाव कडूबाई. त्यांचं घर गावाच्या गायरानात होतं, सासऱ्याच्या काळापासून. तशी तिथं नऊ घरं होती. त्या गायरानावर आता सौरऊर्जेची पॅनलं बसायची होती, आणि त्याला ग्रामसभेचा ठराव लागत होता. ठराव झाला. पाच फेब्रुवारीच्या सभेत झाला, एकशे सत्तावीस हजर, एकमतानं. रजिस्टरात सह्या होत्या. आठ दिवस पंचायतीचा शिपाई सह्या घेत घरोघर फिरत होता, रेशनच्या कामाचं म्हणून सांगत होता. कडूबाईंनी तालुक्याला तक्रार दिली की सभाच झाली नाही. तर सरपंचानं उत्तराला ही बातमी जोडली. शहरातली शाळा साक्षीला आहे, बेचाळीस पोरं साक्षीला आहेत, त्यांच्यात आमचा कोण, असं लिहून.

"माझ्या नावापुढं अंगठा हाय त्यात," कडूबाई म्हणाल्या. "म्या सही करते, बाई. चौथी शिकलेय."

तनुजानं कागद हातात घेतला. आपणच लिहिलेलं वाचताना तिला काहीच अडखळलं नाही.

"किती माणूस बघितलं तुमी त्या दिशी? खरं सांगा."

"अकरा."

"मंग तेवढंच लिहून द्या. अकरा. जास्ती नका लिहू, कमी नका लिहू. सोमवारी पैठणला सुनावणी हाय."

लिहून देते असं तनुजा म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. बघते, म्हणाली. कडूबाईंनी कागद परत घेऊन पिशवीत घातला. घंटा झाली.

लिहून द्यायचं म्हटलं तर शाळेच्या कागदावर, आणि कागदावर शिक्का काकडे सरांचा. तनुजा त्यांच्याकडं गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि मेहुण्याचा विषय न काढता बोलायला लागले. शाळेनं छापून आणलेली बातमी खोटी आहे असं शाळेनंच लिहून द्यायचं, हे कुठल्या शाळेनं केलंय? संस्था काय म्हणेल? पालक काय म्हणतील? पुढच्या वर्षी मुलं कुठं न्यायची? शेवटी त्यांनी टेबलावरची एक फाइल नुसती सरळ केली.

"तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव या महिन्यात पाठवायचाय. सात वर्षं झाली ना, बाई? मी काही म्हणत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. सात वर्षं ती विनामान्यता शिकवत होती; सरांची शिफारस गेली तर जूनपासून नोकरी पक्की, पगार पुरा. पडेगावचं घर तिच्या एकटीवर चाललेलं. तिनं पाणी प्यायलं आणि तासाला गेली. तास न्यायमंडळाचा होता.

धम्मपालला फोन केला. तो म्हणाला, अहो मॅडम, खुलासा छापायला माझी ना नाही, पण शाळेच्या लेटरहेडवर पायजे. बातमी तुमची, नाव शाळेचं, मी बीच में कौन? मग म्हणाला, ऐसा करो, पुढच्या कार्यक्रमाला जागा वाढवून देतो. तो वाईट माणूस नव्हता. फोन ठेवताना त्यानं तिच्या आईची तब्येत विचारली.

शनिवारी तिला निरीक्षणपत्रिका आठवल्या. क्षेत्रभेटीआधी तिनं मुलांना एकेक कागद दिला होता, सहा प्रश्नांचा. चौथा प्रश्न होता, सभेला किती लोक उपस्थित होते. बेचाळीस मुलं, बेचाळीस कागद. तिनं काही लिहायची गरजच नव्हती. मुलांनी त्याच दिवशी, त्याच मंडपात बसून बघितलं होतं. पत्रिका तिच्या कपाटात होत्या, तपासायच्या राहिलेल्या. शाळा सुटल्यावर वर्गात एकटी बसून ती एकेक काढत गेली.

प्रश्न चौथा.
ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.
ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.
मोठ्या संख्येने.
ग्रामस्थ मोठ्या संखेने उपस्थीत होते.
खूप मोठ्या संख्येने.
ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.

ती शेवटपर्यंत गेली. बेचाळीसच्या बेचाळीस. प्रश्न पाचवा, सरपंचांनी काय केले, यालाही सगळ्यांचं एकच उत्तर होतं. समर्पक उत्तरे दिली.

मग तिनं सायलीच्या घरी फोन लावला. सायली जवळच राहायची, पाच मिनिटांत शाळेच्या फाटकाशी आली. काहीतरी चुकलं म्हणून बोलावलंय अशा चेहऱ्यानं. तनुजानं तिची पत्रिका तिला दाखवली आणि त्या दिवशी खरंच किती लोक होते, असं विचारलं.

"अकरा, मॅडम. मी आधी अकराच लिहिलं होतं पेन्सिलनं."

"मग?"

"मग बातमी आली." सायलीनं तिच्याकडं पाहिलं. "ती तुमची होती ना, मॅडम. मला वाटलं माझं मोजायला चुकलं."

तनुजानं तिला जा म्हटलं. पोरगी फाटकातून रस्त्यावर गेली आणि तिथून तिनं एकदा मागं वळून पाहिलं, आपल्याला मार्क मिळणार की जाणार हे न कळल्यासारखं. तनुजा मात्र तिथंच उभी राहिली. आपल्याला वाईट वाटलं पाहिजे हे तिला कळत होतं. पाय आखडल्यावर तो आपलाच आहे हे कळतं, पण त्यावर भार देता येत नाही, तसं. ती तशी बराच वेळ फाटकाला धरून उभी होती. मग घरी गेली आणि लिहायला बसली.

मी, तनुजा सांडू औताडे, असे लिहून देते की दि. ५ रोजी झालेल्या

झालेल्या नाही. खोडलं.

मी, तनुजा सांडू औताडे, असे लिहून देते की दि. ५ रोजी आयोजित ग्रामसभेस ग्रामस्थ अल्प संख्येने

अल्प नाही. खोडलं.

मी असे लिहून देते की दि. ५ रोजी सकाळी पावणेअकरा ते दुपारी सव्वाबारा या वेळेत मंडपात अकरा माणसे होती. ठराव वाचला गेला नाही. मत घेतले गेले नाही. रजिस्टर कोरे होते. आम्ही पोहे खाल्ले.

शेवटचं वाक्य तिनं ठेवलं. आईनं विचारलं, एवढं काय लिहितेस? शाळेचं, म्हणाली.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं पैठणला गेली. पंचायत समितीच्या खोलीत लाकडी टेबलामागं गटविकास अधिकारी, बाजूला टंकलेखक. भिंतीकडच्या खुर्च्यांवर एका बाजूला ऋतुराज आणि ग्रामसेवक, दुसऱ्या बाजूला कडूबाई आणि गायरानातली दोन-तीन माणसं. कडूबाई तिला बघून उठल्या नाहीत. नुसता पदर सारखा केला.

अधिकाऱ्यांनी तिचं निवेदन वाचलं. मग फाइलमधली बातमी काढून शेजारी ठेवली. दोन्हींवर बोट ठेवत त्यांनी शांतपणे विचारलं की बाई, हेही तुमचं आणि तेही तुमचं, मी कुठलं धरू? फेब्रुवारीत तुम्हाला गर्दी दिसली, मार्चमध्ये अकरा दिसले. मधल्या काळात तुम्हाला कुणी भेटलं का? ऋतुराज जागेवरूनच बोलला.

"ताई, आमच्याकडं पोहे खाल्ले तुम्ही. पोरांना शाली दिल्या. दाजींनी शब्द टाकला म्हणून बोलावलं, आन् तुम्ही आता हे लिहून आणता?"

शाल एकच होती. तनुजानं ते सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं, पण मग ते भांडण शालीवर गेलं असतं.

आपण आता काय बोलणार आहोत ते तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. हे तिच्या बाबतीत बऱ्याच दिवसांनी घडत होतं. तिनं पर्समधून मोबाइल काढला, धम्मपालला गेलेला निरोप शोधला आणि टेबलावर ठेवला. अख्खी बातमी होती त्यात, शेवटच्या वाक्यापर्यंत. खाली तारीख. चार फेब्रुवारी, संध्याकाळी सात वाजून पंचेचाळीस मिनिटं.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"म्हणजे सभा व्हायच्या आदल्या दिवशीच लोक मोठ्या संख्येनं हजर होते?"

"व्हय," तनुजा म्हणाली. शाळेत ती कधी असं बोलत नसे. "मी सगळ्याच बातम्या आधी लिहिते, साहेब. सात वर्षं. तुम्ही म्हणाल ती बातमी काढून दाखवते. त्या दिवशी मी काहीही बघितलं असतं तरी हेच छापून आलं असतं. म्हणून ती बातमी धरू नका. यापुढं माझं काहीच धरू नका, चालेल. पण हे अकरा धरा."

टंकलेखकानं मोबाइल जवळ ओढून वेळ नीट बघितली आणि लिहून घेतली. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे शाळेच्या वतीनं? नाही, म्हणाली, माझ्या. त्यांनी तशी ओळ घालायला लावली, तिची सही घेतली आणि सह्यांचं रजिस्टर जप्त करायला सांगितलं. दुपारी तीनला निर्णय झाला, ठरावाला स्थगिती. पंधरा दिवसांत नव्यानं सभा, तालुक्याचा माणूस समोर बसवून. ठराव रद्द नाही झाला. नऊ घरं राहिली की गेली, हे त्या सभेत ठरणार होतं.

आवारात लिंबाखाली उभं राहून तिनं मोबाइल बघितला. काकडे सरांचे चार फोन येऊन गेले होते. मेहुण्यानं कळवलंच असणार. तिनंच फोन लावला आणि जे बोलली ते त्याच क्रमानं सांगितलं, एकही शब्द न घालता न काढता. सरांनी ऐकून घेतलं. बरं, म्हणाले, आणि फोन ठेवला. त्या एका बरंमध्ये सात वर्षं गेली हे तिला कळलं. हिशेब लागल्यासारखं कळलं, बाकी काही नाही.

कडूबाई जवळ आल्या. आभार वगैरे मानायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"ती एक ओळ तवा लिवली नसती तर मला चार खेपा पडल्या नसत्या. दोन दिसाची मजुरी बुडाली बाकीच्यांची."

"हो," तनुजा म्हणाली.

"तुमची नोकरी जाती का आता?"

"जाईल बहुतेक."

कडूबाईंनी मान हलवली. पाऊस पडणार नाही असं कुणी सांगितल्यावर हलवावी तशी. मग त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून तनुजाच्या हातावर ठेवली, वर ठेचा. दोघी उभ्यानंच खाऊ लागल्या. ठेचा लई तिखट होता. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशाचं, हे तिनं तपासलं नाही. पदरही लावला नाही.

"सभेला या तुमी," खाऊन झाल्यावर कडूबाई म्हणाल्या. "आमी घरोघर जाणार हावोत. कोण येतंय, कोण नाय, देव जाणे. निम्म्यांना पॅनलं पायजेत, भाडं येतंय म्हणून. आमच्या इरुद्ध हात वर करतील ते बी. तरी या. लिवायला नको. मोजायला या."

पाचोडकडं जाणारी एसटी फाटकाशी लागली होती आणि गायरानातली माणसं कडूबाईंना हाका मारत होती. सभा किती वाजता, असं तनुजानं विचारलं.

"दहाला," कडूबाई निघता निघता म्हणाल्या. "तुमी नवालाच या. कोण कुणाच्या गाडीवर येतंय ते बी दिसंल."